द्राक्षबंदी

गेल्या वर्षी दिवाळी संपल्यानंतरच्या सोमवारी, रात्रीचे जेवण झाल्यावर, माझ्या वडिलांनी कोलेस्टेरॉलची गोळी आईच्या हातात परत ठेवली आणि उद्यापासून ही गोळी काढायची नाही, असे सांगितले. बाकीच्या गोळ्या त्यांनी पाण्याबरोबर घेतल्या.

त्याआधी चार महिने, भर पावसात, त्यांच्या छातीत दुखू लागले होते. रत्नागिरीहून त्यांना कोल्हापूरच्या एका रुग्णालयात नेण्यात आले आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत दोन स्टेंट बसवण्यात आले. घरी सोडताना ज्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत असे बजावले होते, त्यांत ही एक होती. रक्तवाहिनीत चरबी पुन्हा साचू नये म्हणून ती मोठ्या मात्रेत दिलेली होती. ती बंद केली तर काय होऊ शकते, हे घरात सगळ्यांना माहीत होते. सगळे म्हणजे आई, वडील आणि मी.

का, असे मी विचारले.

"पाय गेले माझे त्या गोळीने," वडील म्हणाले. "हृदय राहिलं नि पाय गेले, तर ते हृदय घेऊन बसू कुठे?"

"बसा की घरात," आई म्हणाली.

"बसलोच आहे."

ते खरे होते. वडिलांची सगळी नोकरी मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात झाली. कंप्रेसर चालवणे हे त्यांचे काम. निवृत्तीनंतरही बंदराची सवय सुटली नाही. रोज सकाळी ते पायी जेटीवर जात, लिलाव बघत, ओळखीच्या बोटीवरून आमच्या घरापुरती आणि शेजारच्या दोन घरांपुरती मासळी घेत आणि चढ चढून पायीच परत येत. आमचे घर चढाच्या टोकाला आहे. शेवटी जांभ्याच्या उंच पायऱ्या आहेत. मासळीची पिशवी हातात असताना रिक्षा करणे हा त्यांच्या मते पैशाचा नाही, अब्रूचा प्रश्न होता. स्टेंटनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितले होते. गणपतीपर्यंत ते पूर्वीसारखे जेटीवर जाऊ लागले होते.

नवरात्रात ते पहिल्यांदा चढाच्या मध्यावर थांबले. शेजारच्या काकींनी ते पाहिले आणि आईला सांगितले. दम लागला असेल, म्हणून आई घाबरली. दम लागलेला नव्हता. मांड्या भरून आल्या होत्या. नव्याने कामाला लागलेल्या माणसाला दिवसभर बर्फाच्या लाद्या ओढल्यावर दुसऱ्या दिवशी होते तसे, असे वडिलांनी सांगितले. कोजागिरीनंतर दंडही दुखू लागले. खुर्चीतून उठताना ते दोन्ही हात टेबलावर टेकू लागले. दिवाळीच्या आधी एका सकाळी ते पायऱ्यांपाशी रिक्षातून उतरले.

आईने निदान केले होते. वडील कुठेतरी चोरून द्राक्षे खात आहेत, असे तिचे म्हणणे होते.

हे समजण्यासाठी कोल्हापूरच्या रुग्णालयातली शेवटची सकाळ सांगायला हवी. त्या वेळी मी खाली औषधांच्या काउंटरवर होते. खोलीत आई, वडील आणि डॉक्टर होते. पुढचे दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलेले आहे आणि दोघांचे सांगणे जुळते. डॉक्टर राउंडला आले. मीठ कमी, तेल कमी, चालणे, गोळ्यांच्या वेळा, असे भराभर सांगून झाले. जाताना दारात थांबून ते कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल एक वाक्य बोलले, "आणि या गोळीबरोबर ग्रेपफ्रूट खायचं नाही."

ते गेल्यावर आईने विचारले, "शेवटी काय म्हणाले?"

"ग्रेप मंजे द्राक्ष," वडील म्हणाले. "फ्रूट मंजे फळ. द्राक्षाचं फळ खायचं नाही."

"द्राक्ष फळच असतं. परत फळ कशाला म्हणायचं?"

"इंग्लिशमध्ये तसं म्हणतात गो."

वडिलांचे इंग्रजी यंत्रांपासून आलेले आहे. कंप्रेसर, कंडेन्सर, गेज, व्हॉल्व्ह, ओव्हरहॉलिंग. आमच्या घरात त्यावर शंका घेण्याची वेळ कधी आली नव्हती. शिवाय आईकडे स्वतंत्र पुरावा होता. डॉक्टर मूळचे सांगलीचे. "स्वतःच्या गावची द्राक्षं नको म्हणाला," ती नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे, "म्हणजे त्यात काहीतरी असल्याशिवाय सांगेल काय?"

तेव्हा जुलै होता. बाजारात द्राक्षे नव्हती. बंदी बेदाण्यांपासून सुरू झाली. श्रावणातल्या सत्यनारायणाच्या प्रसादातून आईने वडिलांच्या वाटीतले बेदाणे बोटांनी वेचून काढले. पूजेला बोलावणाऱ्यांनी ते पाहिले आणि आईने त्यांना कारण सांगितले. वडील थंडीत चमचाभर द्राक्षासव घेत असत. ती बाटली शेजारी गेली. मनुका गेल्या. दिवाळीचा चिवडा आणि रव्याचे लाडू बेदाण्यांशिवाय झाले. आईच्या माहेराहून आलेल्या लाडवांत बेदाणे होते. ते लाडू तिने आणि मी खाल्ले.

बंदीबद्दल वडिलांची तक्रार नव्हती. त्यांना द्राक्षे फारशी आवडत नाहीत. त्यांना पपनस आवडते.

आमच्या स्वयंपाकघराच्या मागे पपनसाचे झाड आहे. मोरीचे पाणी त्याला जाते. दर वर्षी ते फळांनी वाकते. गणपतीच्या आरासीत पहिले फळ टांगायचे आणि मग उरलेली वाटायला सुरुवात करायची, असा आमच्याकडचा रिवाज. त्या वर्षी वाटप झाले नाही. पपनसे वडिलांसाठी राखून ठेवली गेली. त्याला कारण होते. डॉक्टरांनी रोज फळ खायला सांगितले होते. साखर किंचित वाढलेली असल्यामुळे चिकू आणि केळी बेताने. आंब्याचा मोसम संपलेला. द्राक्षे बंद. शिल्लक राहिले ते पपनस, आणि ते दारात होते. आईचा स्वतःचा एक सिद्धांतही होता. तेलकट भांडे लिंबाच्या सालीने घासले की तेलकटपणा निघतो. मग आंबट पोटात गेल्यावर रक्तातली चरबी का निघणार नाही? नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी पपनसाचे फायदे पाठवले होते. त्यात कोलेस्टेरॉलचा उल्लेख होता. आईने तो संदेश वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला.

सोलण्याचे काम वडील स्वतः करत. दुपारी जेवणानंतर मागच्या पडवीत वर्तमानपत्र पसरायचे, कोयतीने वरची जाड साल चार ठिकाणी चिरायची, ती हाताने उलगडायची. मग प्रत्येक फोडीवरचा पांढरा पापुद्रा काढून आतले गुलाबी दाणे ताटलीत जमवायचे. वर मीठ आणि थोडी लाल मिरचीपूड. यात त्यांचा बराच वेळ जात असे आणि रिकाम्या दुपारी त्यांना तेच हवे असे. दुपारी एक पपनस, संध्याकाळी दुसऱ्यातले अर्धे. आमची पपनसे मोठी असतात. हा क्रम गणपतीपासून दिवाळीपर्यंत सलग चालला. पाय दुखू लागल्यावर जेटी बंद झाली, घरातला वेळ वाढला आणि संध्याकाळचे अर्धेही पूर्ण होऊ लागले.

चोरून द्राक्षे खाल्ल्याच्या आरोपावर वडील एकदाच चिडले.

"सांगा, कुठे खाल्लीत? जेटीवर?" आईने विचारले होते.

"जेटीवर द्राक्षं कोण विकतो गो? बांगडे विकतात."

"मग बाजारात."

"आत्ता द्राक्षांचा हंगाम तरी आहे काय? काय विचारतेस त्याला काही अर्थ?"

"मनुका बारा महिने मिळतात," आई म्हणाली.

गोळी परत देण्यापर्यंत हे असे आले होते. वडिलांचा निष्कर्ष साधा होता. स्टेंटपूर्वी पाय दुखत नव्हते, ही गोळी तेव्हा नव्हती. आता गोळी आहे आणि पाय दुखतात. ओळखीतल्या, पूर्वी बोट चालवणाऱ्या एका निवृत्त तांडेलाने त्यांना दुजोरा दिला. त्यालाही अशीच गोळी होती, त्यालाही पाय दुखले, त्याने ती परस्पर बंद केली आणि तो आता ठणठणीत आहे, असे तो म्हणाला. तो ठणठणीत आहे हे मी तपासलेले नाही.

कोल्हापूरचे तेच डॉक्टर दर गुरुवारी रत्नागिरीत एका दवाखान्यात येतात. वडिलांची तपासणी पुढच्या महिन्यात होती. मी फोन करून त्या आठवड्यातला गुरुवार मिळवला. सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी वडिलांनी ती गोळी घेतली नाही. तिन्ही दिवस पपनस खाल्ले.

डॉक्टरांकडे जाताना रिकाम्या हाताने जायचे नाही, हे आईचे जुने वळण आहे. उन्हाळ्यात आंबे, पावसाळ्यात कोकमाचे आगळ, एरवी नारळ. डॉक्टर नको म्हणतात आणि आई टेबलाखाली पिशवी ठेवून येते. त्या गुरुवारी तिने झाडावरची दोन चांगली पपनसे निवडली, फडक्याने पुसली आणि कापडी पिशवीत घातली. दवाखान्यात गर्दी होती. नंबर लागेपर्यंत वडील उभेच राहिले, कारण बाकावरून उठताना सगळ्यांसमोर हात टेकावे लागले असते.

आत गेल्यावर त्यांनी पायांचे सांगितले आणि गोळी बंद केल्याचेही सांगितले. डॉक्टरांनी मांड्या दाबून पाहिल्या, हात न टेकता खुर्चीतून उठायला लावले. वडिलांना उठता आले नाही. लघवी काळपट होते का, ताप आला होता का, मध्ये कुणी दुसरे औषध दिले का, काढा, चूर्ण, अँटिबायोटिक, असे प्रश्न त्यांनी विचारले. सगळ्यांना नाही असे उत्तर मिळाले.

"खाण्यात काही नवीन?"

"काही नाही," आई म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तसंच सगळं. द्राक्षाचा दाणासुद्धा घरात येत नाही."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "द्राक्षं? ती कुणी बंद केली?"

"तुम्हीच. कोल्हापूरला."

"मी?" डॉक्टर हसले. "काकू, मी सांगलीचा. मी द्राक्षं बंद करीन व्हय? गावात घेतील का मला?"

आईने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी डॉक्टरांकडे पाहिले. "ग्रेप फ्रूट म्हणालात," ते म्हणाले. दोन शब्द त्यांनी वेगवेगळे उच्चारले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. ग्रेपफ्रूट हे वेगळेच फळ आहे, द्राक्षाशी त्याचा संबंध नाही, असे त्यांनी सांगितले. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले की, तसे ते इथे मिळतही नाही, म्हणजे तो विषय नाही. आणि ते पुन्हा लिहू लागले.

तपासणी तिथेच संपली असती. आईने निघण्याच्या तयारीने पिशवी टेबलावर ठेवली. "घरचं आहे. खत नाही, फवारणी नाही. मुलांना द्या," ती म्हणाली. पिशवीच्या तोंडातून पपनसाचा हिरवा-पिवळा गोल दिसत होता.

डॉक्टरांनी पिशवी उघडून आत पाहिले. "काका हे खातात काय?"

"रोज," आई म्हणाली. "दुपारी एक, संध्याकाळी एक. द्राक्षं बंद, मग फळ म्हणून दुसरं देणार काय?"

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

डॉक्टरांनी ग्रेपफ्रूटचा फोटो शोधून फोन टेबलावर ठेवला. मधोमध कापलेले, आतून गुलाबी. वडिलांनी चष्मा वर करून पाहिले.

"हे पपनसाचं पिल्लू आहे," ते म्हणाले.

"बरोबर बोललात. पपनस आणि संत्रं यांच्या संकरातनं झालेलं आहे ते," डॉक्टर म्हणाले. "आणि गोळीला जे बाधतं, ते दोघांत आहे."

मग त्यांनी समजावून सांगितले. गोळी पोटात गेली की तिचा काही भाग आतड्यातच मोडला जातो. ते काम करणारे एक द्रव्य आतड्याच्या अस्तरात असते. गोळीची मात्रा ठरवताना हा मोडणारा भाग हिशेबात धरलेला असतो. पपनसातले काही घटक त्या द्रव्याला निकामी करतात. मग गोळी कमी मोडते आणि रक्तात जास्त उतरते. औषध वाढले की स्नायूंना त्रास होऊ शकतो. फार वाढले तर स्नायू झिजून मूत्रपिंडावर ताण येतो. गोळी रात्री घेतो आणि पपनस दुपारी खातो, असे म्हणून सुटका नाही, कारण निकामी झालेले द्रव्य नव्याने तयार व्हायला दिवस-दोन दिवस लागतात. अधूनमधून एखादी फोड खाल्ली तर बहुधा काही होत नाही. रोज एक-दोन पपनसे आणि मोठ्या मात्रेची गोळी, ही वेगळी गोष्ट आहे.

वडील लक्ष देऊन ऐकत होते. "मंजे डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद ठेवून कंप्रेसर चालवला," ते म्हणाले. "गॅस तेवढाच. जायला वाट नाही. प्रेशर चढणारच."

"तसंच समजा."

"पपनसानेच झालं हे?" मी विचारले.

"तसं लिहून देणार नाही मी," डॉक्टर म्हणाले. "नुसत्या गोळीनेसुद्धा काही जणांचे स्नायू दुखतात. पपनसानं भर घातली असणार, एवढं म्हणतो." मग ते आईला म्हणाले, "बघा काकू, मी तेव्हाच पपनस म्हणायला पाहिजे होतं. पुस्तकात ग्रेपफ्रूट आहे, आम्ही तेच म्हणतो. आमच्याकडं परड्यात पपनस नसतं की."

रक्त तिथेच घेतले. अहवाल संध्याकाळी आला. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा एक घटक असतो. प्रयोगशाळेत त्याला सीपीके म्हणतात. वडिलांचा तो वरच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट होता. मूत्रपिंडाचे आकडे ठीक होते. डॉक्टरांनी फोनवर सांगितले की कोलेस्टेरॉलची गोळी सध्या बंद ठेवा, पाणी भरपूर प्या, दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू.

"मी काय म्हणालो होतो? गोळी बंद," वडील म्हणाले. फोन स्पीकरवर होता.

"काका, तुम्ही बंद करणं वेगळं आणि मी बंद करणं वेगळं," डॉक्टर म्हणाले. "मी परत सुरू करणार आहे."

वडिलांनी फोन माझ्याकडे सरकवला.

द्राक्षबंदी त्याच दिवशी उठली. आईने पपनसबंदी लागू केली आणि पहिल्या बंदीचा अनुभव लक्षात घेऊन ती व्यापक ठेवली. दुसऱ्या दिवशी कांदेपोह्यांबरोबर लिंबाची फोड नव्हती. मोसंबी आणि संत्री बंद. दुपारी सोलकढीही नव्हती. कोकम लिंबाच्या जातीचे नाही, हे मी सांगितले. "आंबट आहे ना?" असे तिने विचारले. शेवटी तिच्यासमोर मी डॉक्टरांना फोन लावला. लिंबू चालेल, मोसंबी चालेल, आपल्याकडची नेहमीची संत्री चालतील, सोलकढी तर चालेलच, असे ते म्हणाले.

"आणि ईडलिंबाचं लोणचं?" आईने विचारले.

"ते काय असतं?"

"मोठं लिंबू. जाड सालीचं. कडसर."

डॉक्टरांनी फोटो मागवला. फोटो पाहून त्यांनी संध्याकाळी निरोप पाठवला की, याबद्दल मला खात्रीची माहिती मिळाली नाही, तेव्हा नको. मी दापोलीला फळझाडे शिकवणाऱ्या एका परिचितांना विचारले. फळ कोणत्या कुळातले ते त्यांनी सांगितले, पण गोळीवर त्याचा काय परिणाम होतो हे त्यांनाही ठाऊक नव्हते. लोणच्याची बरणी अजून फळीवर आहे. त्यातले लोणचे आई आणि मी खातो.

झाडावर अजून बरीच पपनसे होती. ती वाटायचे ठरले, तेव्हा नवी अडचण आली. आमच्या गल्लीत कोलेस्टेरॉलची गोळी घेणारे किती आहेत, हे कुणालाच माहीत नव्हते. विचारल्याशिवाय द्यायचे नाही, असे आईने ठरवले. ती पिशवी घेऊन दारोदार गेली आणि पपनस हातात देण्यापूर्वी घरात कोण कोण कसल्या गोळ्या घेते, असे विचारू लागली.

"आमच्याकडे कुणाला काही नाही," शेजारच्या काकी म्हणाल्या. त्यांचे पती मागे उभे होते.

"भावोजींना रक्तदाबाची गोळी आहे. मागे तुम्हीच सांगितलंत."

"ती रक्तदाबाची."

"त्यातही काही चालत नाहीत. डॉक्टरांना विचारा आधी."

"अगो, एका पपनसासाठी डॉक्टरकडे पाठवतेस? देताना एवढी चौकशी, तर आम्ही बाजारातनं आणू."

"आणा. पण विचारून खा," आई म्हणाली आणि पपनस घेऊन परत आली. दोन दिवसांनी काकी स्वतः आल्या. विचारले होते. त्यांच्या पतीच्या गोळीला अडचण नव्हती, त्यांच्या स्वतःच्या गोळीला होती. त्यांची कोलेस्टेरॉलची गोळी दोन वर्षांपासून चालू होती आणि हे त्यांच्या पतीला त्या दिवशी कळले. एक पपनस त्यांनी पतीसाठी नेले.

दोन आठवड्यांनी सीपीके निम्म्यावर आला होता. वडिलांना खुर्चीतून हात न टेकता उठता येऊ लागले. आणखी दोन आठवड्यांनी तो मर्यादेत आला. ते जेटीवर जाऊ लागले. येताना अजून रिक्षा करत. त्या गुरुवारी डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली. ही त्याच गटातली आहे, पण आतड्यातल्या त्या वाटेने मोडत नाही, त्यामुळे पपनसाशी तिचे फारसे वाकडे नाही, आणि सुरुवात कमी मात्रेने करू, असे त्यांनी सांगितले. तरीही निदान या मोसमात पपनस नको.

गोळी घरी आली. वडिलांनी घेतली नाही.

त्या संध्याकाळी त्यांची बाजू अशी होती. पाय दुखत होते, गोळी बंद केली, पाय बरे झाले. छातीत पाच महिन्यांत एकदाही दुखले नाही. मग बरे असलेल्या माणसाने पुन्हा त्याच गटातली गोळी कशाला घ्यायची? आई भाजी निवडत होती. मी पपनसाचा मुद्दा काढला. पपनस बंद केले ते आणि गोळी बंद केली ते एकाच आठवड्यात, तेव्हा पाय कशाने बरे झाले हे सांगता येत नाही, असे ते म्हणाले. हा युक्तिवाद बरोबर होता. डॉक्टरांनीही वेगळे काही सांगितले नव्हते.

"गोळीशिवाय कोलेस्टेरॉल किती झालंय ते बघितलंत काय?" मी विचारले. त्या दिवशीच्या अहवालात तो आकडाही होता. कोल्हापूरला दाखल केले तेव्हा होता, जवळपास तिथे तो पुन्हा गेला होता. वडिलांनी तो वाचलेला होता.

"आकडा दुखत नाही," ते म्हणाले.

"एक विचारू?" आई म्हणाली. "तुमच्या कारखान्यात तो अमोनिया गळला होता. तुम्ही डोळे लाल करून घरी आला होतात, आठवतंय? मग काय केलंत? कारखाना कायमचा बंद केलात?"

"बंद कसा करणार? बोटी उभ्या होत्या बर्फासाठी."

"मग?"

"सील बदललं. प्रेशर कमी ठेवून सुरू केला. गेजवर माणूस बसवला."

"कोण बसलं होतं?"

"मीच."

भाजी घेऊन आई आत गेली. वडील पडवीतच बसले. मग त्यांनी मला हाक मारली आणि नव्या गोळीने पुन्हा पाय दुखू लागले तर रक्त किती दिवसांत तपासता येईल, असे विचारले. त्याच दिवशी, असे मी सांगितले. मग दुखो वा न दुखो, महिन्याने एकदा तपासायचेच, अशी अट त्यांनी घातली. ती डॉक्टरांना कळवली. त्यांनी मान्य केली.

नवी गोळी वडिलांनी त्या रात्री जेवणानंतर घेतली.

महिन्यानंतरच्या तपासणीत सीपीके मर्यादेत होता. कोलेस्टेरॉल उतरले होते, पण डॉक्टरांना हवे होते तेवढे नाही, म्हणून मात्रा एक पायरी वाढवली. उजव्या पायाचा गुडघा चढावर दुखतो, ती झीज आहे, गोळीशी संबंध नाही, असे एक्स-रे पाहून सांगण्यात आले. मार्चमध्ये पुन्हा रक्त तपासले. सीपीके मर्यादेत होता आणि कोलेस्टेरॉल डॉक्टरांनी ठरवलेल्या आकड्याच्या खाली होते. वाढवलेल्या मात्रेची गोळी चालू आहे.